आधी पुस्तकं मोजणारा सुतार

पुस्तकांच्या कपाटाबद्दल पावसाळा सरल्याशिवाय बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. नवं असताना कुठलंही कपाट देखणंच दिसतं. आमच्या कपाटाने जुलै-ऑगस्ट काढला, फळ्या पाणसळीला सरळ राहिल्या, पुस्तकांना कुबट वास लागला नाही आणि घरातल्या तिन्ही पिढ्या रोज त्यातून पुस्तकं काढतात, ठेवतात. म्हणून आता लिहिते.

कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. त्याच्या हॉलमध्ये दहा फूट रुंद आणि साडेसात फूट उंच असं कपाट आम्ही एका सुताराकडून करून घेतलं. भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. दुकानाला पाटी नाही, नाव छापलेलं कार्ड नाही. वय साठीच्या पुढे. आम्ही सगळे त्यांना सुतारकाकाच म्हणतो, तेव्हा इथेही तेच म्हणते.

काकांकडे जाण्याआधी आम्ही दोन-तीन मॉड्युलर फर्निचरच्या शोरूम पाहिल्या होत्या. एकीकडे आम्हाला संगणकावर फार सुंदर चित्र काढून दाखवलं. चित्रातल्या कपाटात एक फुलदाणी, एक बुद्धाची मूर्ती, दोन कुंड्या आणि मोजून पंधरा-वीस पुस्तकं. मी म्हटलं, आमच्याकडे हजारावर पुस्तकं आहेत, ती कुठे बसतील? त्यावर त्या मुलाने प्रामाणिकपणे विचारलं, "मॅडम, सगळी बाहेर ठेवायची आहेत का?" फळीची लांबी साडेतीन फूट, खोली सोळा इंच, माल पार्टिकल बोर्डचा. सोळा इंच खोल फळीवर पुस्तकं ठेवली की पुढे एक रांग आणि मागे एक रांग होतेच, आणि मागच्या रांगेतलं पुस्तक घरात असून नसल्यासारखं. माझ्या माहेरी अशाच खोल कपाटात मागे गेलेली पुस्तकं वडिलांनी पुन्हा विकत आणलेली मी पाहिली आहेत. कपड्यांच्या कपाटाची मापं पुस्तकांना लावली की असं होतं.

सुतारकाका पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी सवयीने भिंतीकडे बोट दाखवलं. टेप त्यांच्या हातात होता, पण त्यांनी तो उघडला नाही. म्हणाले, "भिंत कुठं जातेय ताई? आधी पुस्तकं काढा बघू."

मग पुढचा बराच वेळ आमच्या हॉलमध्ये जमिनीवर पुस्तकांचे ढीग लागत होते. विषयाप्रमाणे लावलेले नव्हते, उंचीप्रमाणे लावलेले होते. मराठी पुस्तकांत सगळ्यात जास्त भरणा डेमी आकाराचा असतो. उंची साधारण साडेआठ इंच, रुंदी साडेपाच. जुन्या कादंबऱ्या आणि कवितासंग्रह बरेचसे क्राऊन आकाराचे, सव्वासात-साडेसात इंचांचे. मग कोशांचे आणि कागदपत्रांचे जाड खंड, मुलीची चित्रांची पुस्तकं आणि दिवाळी अंक. काकांनी प्रत्येक ढिगातलं सगळ्यात उंच पुस्तक मोजलं, मग ढीग आडवा करून त्याची जाडी फुटात मोजली, आणि सगळे आकडे सुताराच्या चपट्या पेन्सिलीने आमच्याच एका जुन्या पाकिटावर मांडले. त्या पाकिटावरून कप्प्यांच्या उंच्या ठरल्या: डेमीसाठी साडेदहा इंच, क्राऊनसाठी नऊ, मोठ्या आकारासाठी तेरा. पुस्तकाच्या डोक्यावर दीड-दोन इंच मोकळे हवेत, म्हणजे बोटं आत घालून पुस्तक मधून धरून काढता येतं. जागा नसली की आपण वरच्या कडेला नख लावून ओढतो, आणि कण्याचं कापड पहिल्यांदा तिथेच फाटतं. हे मला काकांनी सांगितलं. ते स्वतः फार वाचत नाहीत, पण तरुणपणी त्यांनी पेठांतल्या एका बाइंडरच्या शेजारी काम केलं होतं. तुटलेली पुस्तकं तिथे बघितली, असं म्हणाले.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे फळीच्या बाकाबद्दल, म्हणजे वजनाने ती किती झुकते त्याबद्दल, जरा सविस्तर लिहिणार आहे. पुण्यातल्या निम्म्या घरांत पुस्तकांच्या फळ्या मधोमध खाली झुकलेल्या दिसतात, त्याचं कारण यात आहे.

पुस्तकांचं वजन आपल्याला कधी जाणवत नाही, कारण आपण एका वेळी एकच उचलतो. डेमी आकाराची साधी पुस्तकं एक फूटभर ओळीने लावली तर सहा-सात किलो भरतात. चकचकीत आर्ट पेपरवरची किंवा कोशासारखी असतील तर त्याच फुटाला दहा-बारा किलो. असा सारखा पसरलेला भार फळीवर असेल तर फळीचा बाक तिच्या लांबीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. लांबी दुप्पट केली की बाक सोळापट. शोरूममधली साडेतीन फुटांची फळी आणि काकांची अडीच फुटांची, यात फरक एका फुटाचा, पण त्याच मालाची, त्याच जाडीची फळी धरली तर बाकातला फरक जवळजवळ चौपट आहे. जाडीचं उलट. जाडी दुप्पट केली तर बाक आठव्या हिश्शावर येतो. शिवाय पार्टिकल बोर्ड मुळातच प्लायपेक्षा लवचीक, आणि कायमच्या वजनाखाली तो वर्षानुवर्षं हळूहळू झुकतच राहतो. पहिल्या महिन्यात सरळ दिसणारी फळी पाचव्या वर्षी का वाकते, त्याचं उत्तर हे.

काकांना चौथा घात ठाऊक नाही. त्यांचा नियम एवढाच, की पुस्तकाची फळी अडीच फुटाच्या वर न्यायची नाही. दहा फुटांची भिंत म्हणून चार उभे खण. शिवाय प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला खाली उतरणारी दीड इंच उंचीची सागवानी पट्टी. ती पट्टी दिसायला छान आहेच, पण खरं काम तिचं आहे. उभी पट्टी आडव्या फळीला ताठ धरते. वर्गात मी मुलांना फूटपट्टी आडवी आणि उभी धरून वाकवायला सांगते, तोच हा प्रयोग. प्रत्येक खणातली मधली फळी त्यांनी खाच पाडून कायमची बसवली, त्यामुळे सांगाडा हलत नाही. बाकीच्या फळ्या पिनांवर आहेत, आणि पिनांची भोकं दहा-दहा सुतांवर. म्हणजे सव्वा इंचाच्या पायरीने फळी वर-खाली करता येते. (ज्यांना सूत माहीत नसेल त्यांच्यासाठी: एक इंच म्हणजे आठ सूत. पुण्यातले जुने सुतार अजून मिलिमीटरमध्ये बोलत नाहीत.)

प्लाय घ्यायला ते मला बरोबर घेऊन गेले, आणि ही गोष्ट मला फार आवडली. टिंबर मार्केटमध्ये आठ बाय चारच्या तक्त्यांच्या थप्प्यांमधून चालताना त्यांनी शिक्के वाचायला शिकवलं. आयएस ३०३ हे नेहमीच्या वापराच्या प्लायचं भारतीय मानक. त्यात ओलाव्याला जेमतेम टिकणारा आणि उकळत्या पाण्यालाही तोंड देणारा असे प्रकार येतात. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, सगळ्यात वरचा. काकांनी सगळीकडे मरीनचा आग्रह धरला नाही. उभे खांब, तळाचा भाग आणि भिंतीला लागून असलेली पाठ मरीन प्लायची, बाकी फळ्या ३०३ मधल्या चांगल्या दर्जाच्या. जाडी १९ मिलिमीटर, पाठ सहा मिलिमीटरची. तक्ता कापल्यावर कडेला पोकळी दिसली तर तो परत करायचा, हेही आधीच दुकानदाराशी ठरवून घेतलं, आणि एक तक्ता खरोखरच परत केला. माल गिऱ्हाइकाने स्वतःच्या डोळ्यांनी निवडावा अशी इच्छा असणारा सुतार मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

भिंत मात्र त्यांनी आमची बदलायला लावली. आम्हाला कपाट पश्चिमेच्या भिंतीला हवं होतं, कारण ती सोफ्याच्या समोर येते. पुण्याचा पाऊस नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झोडपतो. बाहेरची भिंत असेल तर ती चार महिने ओल धरते, आणि तिला पाठ लावून ठेवलेली पुस्तकं ती ओल पितात. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर सलग राहिली की बुरशीला जमतं. इथल्या जुलै-ऑगस्टमध्ये घरातही आकडा सहज त्याच्या वर जातो. म्हणून कपाट हॉल आणि बेडरूमच्या मधल्या आतल्या भिंतीला आलं. पाठ आणि भिंत यांच्यात एक इंच जागा सोडली आहे. फळ्यांवर पुस्तकांच्या मागेही तीन इंच मोकळे आहेत. त्यासाठी फळीच्या पुढच्या कडेपासून सहा इंचांवर एक बारीक पट्टी ठोकली आहे. डेमी पुस्तक त्या पट्टीला टेकलं की त्याचा कणा फळीच्या कडेशी येतो, ओळ सरळ दिसते आणि मागे हवा खेळते. संपूर्ण कपाटात मला सगळ्यात हुशार वाटलेली गोष्ट ही पाऊण इंची पट्टी आहे. प्लायच्या उरलेल्या कापांतून ती निघाली, वेगळे पैसे पडले नाहीत.

वजनाचा हिशेब मी स्वतः केला आणि इमारतीचे आराखडे ज्यांच्याकडे आहेत त्या अभियंत्यांना दाखवला. सगळ्या फळ्या भरल्यावर पुस्तकं साधारण चारशे किलो होतात, लाकूडकाम वेगळं. राहत्या घराच्या जमिनीसाठी आपल्या मानकात, म्हणजे आयएस ८७५ मध्ये, दर चौरस मीटरला दोन किलोन्यूटन भार धरतात, ढोबळपणे दोनशे किलो. ग्रंथालयाच्या साठ्याच्या खोलीला तोच आकडा सहा किलोन्यूटन धरतात. कपाटाखालच्या फूटभर रुंदीच्या पट्ट्यापुरतं बघितलं तर आमचा आकडा ग्रंथालयाच्या जवळ जातो. पण भार खोलीच्या एका कडेला आहे आणि नेमकी त्या भिंतीखाली तुळई आहे, त्यामुळे अभियंत्यांनी हरकत घेतली नाही. तुम्ही खोलीच्या मधोमध दुतर्फा रॅक उभं करायचं म्हणत असाल तर मात्र आधी विचारा. कपाट वरच्या बाजूला चार ठिकाणी भिंतीला फिशर मारून आवळलेलं आहे. लहान मूल घरात असेल तर हे विसरून चालणारच नाही. मुलं कपाटाची शिडी करतात.

आता तळाच्या कप्प्याबद्दल. जमिनीपासून चार इंच पाया आणि त्यावर पंधरा इंचांचा दारं असलेला कप्पा. काकांच्या पाकिटावर तिथेही पुस्तकंच होती. सासूबाईंनी ऐकलं आणि स्वयंपाकघरातून बाहेर येऊन सांगितलं, "खाली पुस्तक ठेवायचं नाही." त्यांचं माहेर नारायण पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासल्याची भिंतही गेली आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा त्या शाळेत होत्या. त्यांच्या वडिलांची पुस्तकं लाकडी कपाटात होती. खालच्या फळ्यांवरची गेली, वरची राहिली. पाणी ज्या उंचीला थांबलं त्या उंचीवरची तीन पुस्तकं आमच्याकडे आहेत. त्यांच्या पानांवर आडवी तपकिरी रेघ आहे, मलपृष्ठापासून मुखपृष्ठापर्यंत प्रत्येक पानावर एकाच उंचीची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि नदी इथून लांब आहे, हे त्यांना काकांनीही सांगितलं नाही, मीही नाही. खालच्या कप्प्यात आता पत्त्यांचा कॅट, बुद्धिबळ, इस्त्रीचं टेबलक्लॉथ आणि विजेच्या वायरी असतात. जमिनीलगतची धूळ, फरशी पुसतानाचे शिंतोडे आणि वाळवीचा रस्ता यांचा विचार केला तर सासूबाईंचं म्हणणं पुराशिवायही बरोबरच आहे.

खालचे दोन कप्पे बारा इंच खोल आणि त्यावरचे सगळे नऊ इंच, त्यामुळे कमरेच्या उंचीला तीन इंचांची कड पुढे आली आहे. पुस्तक काढलं की क्षणभर टेकवायला, चष्मा ठेवायला ती कड कामी येते. तिच्या लगेच वरच्या दोन फळ्या सासूबाईंच्या. त्यांना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही आणि खांद्यामुळे हात फार वर जात नाही. संत वाङ्मय, आत्मचरित्रं आणि मोठ्या टायपातल्या कादंबऱ्या, सगळं त्या दोन फळ्यांत बसवलं. पूर्वी पुस्तकासाठी त्या कुणाला तरी हाक मारायच्या. आता दुपारी कपाटापुढे उभं राहून चाळत असतात.

दिवाळी अंक हा प्रत्येक मराठी घरातला नाजूक प्रश्न आहे. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला अंक काढला तेव्हापासून आपण ते जमवतो आहोत, आणि तेव्हापासून ते उभे राहत नाहीत. पातळ, उंच, कणा जेमतेम. पुस्तकासारखे उभे ठेवले की कमरेत वाकतात, आडवी थप्पी केली की खालचा अंक कधीच निघत नाही. काकांनी तेरा इंची कप्प्यातल्या दोन खणांत दर चार इंचांवर उभ्या पातळ फळ्या घातल्या. एका फटीत आठ-दहा अंक दाटीने बसतात, एकमेकांना धरून ताठ राहतात, आणि प्रत्येक फटीवर मी वर्ष लिहिलं आहे. रद्दीत गेलेले अंक पुन्हा शोधत जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी फिरणाऱ्या माणसांना याचं मोल कळेल. त्याच कप्प्याच्या तिसऱ्या खणात कोशाचे खंड आहेत. चौथा खण मुलीचा. तिथे फळीला किंचित उतार देऊन पुढे पट्टी लावली आहे, म्हणजे चित्रांची पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून उभी राहतात. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठीतली पुस्तकं माझ्या लहानपणची आहेत, तीही तिथेच. कणा वाचून पुस्तक निवडायचं वय अजून तिचं झालेलं नाही. चित्र दिसलं की ती हात घालते. मोठ्यांच्या फळ्यांवरही मी प्रत्येक खणात एक पुस्तक असं समोर तोंड करून ठेवते आणि महिन्या-दोन महिन्यांनी बदलते. जे समोर असतं तेच घरात वाचलं जातं, हे मी पाहिलं आहे.

काच लावावी की नाही यावर घरात दोन पक्ष होते. काचेने धूळ थांबते, पण बंद कपाटात पावसाळ्यात हवा कोंडते, आणि दार उघडण्याचा तेवढासा त्रासही माणसाला पुस्तकापासून लांब ठेवतो. चारपैकी एकाच खणाला काचेची दारं केली, खाली-वर बोटभर फट ठेवून. तिथे सासूबाईंची पुराची पुस्तकं, नवऱ्याच्या आजोबांच्या पोथ्या आणि काही फार ठिसूळ झालेले जुने खंड. पोथ्या पूर्वीपासून होत्या तशाच दोन पाट्यांमध्ये दाबून तांबड्या फडक्यात बांधल्या आहेत, शेजारी वेखंडाची पुरचुंडी. डांबरगोळ्या मी घरातून काढून टाकल्या. त्यांचा वास म्हणजे नॅप्थॅलीनची वाफ, आणि ज्या खोलीत मूल अभ्यासाला बसतं तिथे ती नको. काचेमुळे रंग उडणं थांबतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. साध्या काचेतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो. लाल कणे सगळ्यात आधी फिकट होतात. त्याला इलाज एकच, कपाटावर थेट ऊन येऊ द्यायचं नाही.

जुनी पुस्तकं घरात आणताना एक पथ्य मी पाळते, तेही सांगून ठेवते. फुटपाथवरून, रद्दीवाल्याकडून किंवा आप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांतून आणलेलं पुस्तक लगेच फळीवर जात नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये मटारच्या शेजारी. कसर, तिची अंडी, भुंगे, सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पुस्तक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं, म्हणजे दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमतं, पानांवर नाही. हजार पुस्तकांच्या कपाटात एक किडकं पुस्तक घालणं परवडत नाही.

पुस्तकं कशी लावायची यावर सुतार काय सांगणार, पण त्यांच्या मापांनी माझा तो प्रश्नही सोपा केला. हल्ली रंगाप्रमाणे लावलेली कपाटं फार दिसतात, इंद्रधनुष्यासारखी. मला ती आवडत नाहीत. एकाच लेखकाची सहा पुस्तकं सहा खणांत जातात आणि त्याचं सगळं लेखन एका नजरेत कधीच दिसत नाही. ग्रंथालयाची दशांश पद्धत, जिच्यात मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे, ती घरात चालवायची तर तीन-चतुर्थांश कपाट एकाच आकड्याखाली येतं. आम्ही ढोबळ विषय ठेवले: कविता, नाटक, कथा-कादंबरी, चरित्र, इतिहास, विज्ञान. त्यात लेखकाच्या आडनावाने. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयांसाठी पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, एवढंच घरासाठी पुरेसं आहे. आमच्याकडे पाहुण्यालाही पुस्तक मिनिटभरात सापडतं. फक्त प्रकाशकांना एक विनंती आहे. कण्यावरची नावं काही जण वरून खाली छापतात, काही जण खालून वर. एका ओळीतून नजर फिरवताना मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला करावी लागते. सगळ्यांनी मिळून एक काहीतरी ठरवा.

आता तक्रारी. आहेत, आणि त्या खऱ्या आहेत.

काका लेखी अंदाजपत्रक देत नाहीत. तोंडी आकडा सांगतात आणि तो पाळतात, पण काचेची दारं मध्येच वाढली तेव्हा किती वाढतील हे काम झाल्यावर कळलं. रक्कम अवाजवी नव्हती, तरी हजारोंचा व्यवहार कागदावर असावा. मी शेवटी स्वतः वहीत लिहून त्यांची सही घेतली, त्यांनी आनंदाने केली. तेव्हा तुम्ही पहिल्याच दिवशी वही पुढे करा.

दुसरं, वेळ. गणपतीच्या आधी देतो म्हणाले, मिळालं दसऱ्यानंतर. अर्धा उशीर पॉलिशमुळे. दमट हवेत मेलामाइन पॉलिश मारलं की पांढुरकी झाक येते, त्यामुळे उघडीप मिळेपर्यंत थांबणं योग्यच होतं. पण इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला हे जूनमध्येच माहीत असणार, तेव्हाच सांगायला हवं होतं. पॉलिशनंतर दोन दिवसांत पुस्तकं लावा असंही ते म्हणाले. ते मी ऐकलं नाही. वास पूर्ण जाईपर्यंत पुस्तकं खोक्यांतच ठेवली आणि खिडक्या उघड्या ठेवल्या. ताज्या पॉलिशची वाफ बंद जागेत जुन्या कागदाला चांगली नाही.

तिसरं, दिवे. विजेचं काम ते करत नाहीत आणि त्याचा विचारही करत नाहीत. फळीखाली एलईडीची पट्टी बसवायला खाच लागते, वायर खाली न्यायला भोक लागतं, हे सगळं सांगाडा उभा राहिल्यावर पुन्हा कोरावं लागलं. इलेक्ट्रिशियनला पहिल्या बैठकीलाच बोलवा. आणि पट्टी फळीच्या पुढच्या कडेशी, सागवानी पट्टीच्या मागे लपवून लावा. मागे लावली तर पुस्तकांच्या डोक्यावर उजेड आणि कण्यांवर अंधार.

खर्च साहित्य, मजुरी, पॉलिश आणि काचा धरून १ लाख १८ हजार. शोरूमचा आकडा याच्या जवळपासच होता, पण त्यात पार्टिकल बोर्ड आणि साडेतीनशे-चारशे पुस्तकांची जागा होती. इथे अकराशेच्या आसपास बसतात. तुम्हाला दोनशे पुस्तकं ठेवायची असतील तर एवढा खर्च करू नका. लोखंडी रॅकही उत्तम काम देतं, फक्त त्याच्या पत्र्यावर जाड कागद घाला आणि दोन्ही टोकांना आधार द्या. भाड्याच्या घरात राहत असाल तरीही हे काम तुमच्यासाठी नाही. हे कपाट खाच पाडून जोडलेलं आहे, उलगडून नेता येत नाही. पण घर स्वतःचं असेल, पुस्तकं वाढतच जाणार हे माहीत असेल, आणि कुणी घरी येऊन तुमच्या पुस्तकांकडे आधी बघावं असं वाटत असेल, तर अशा सुताराला शोधा. काका सापडले ते प्लायच्या दुकानातल्या हिशेबनिसाला विचारून. रोज कोण कुठला माल उचलतो आणि कोण परत करतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

मुलीच्या खोलीतल्या रॅकचं काम आम्ही त्यांनाच दिलं आहे. यावेळी वही तयार आहे, इलेक्ट्रिशियनला वेळ दिली आहे, आणि पॉलिश मार्चमध्ये करायचं ठरलं आहे.